धातू मारतो, पण सवडीने

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणूहून जव्हारकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते चारोटी. डहाणू रोडला गाडीतून उतरून जव्हारकडे निघालेला, तलासरीहून मनोरला चाललेला, कामासाठी वापी गाठणारा किंवा चैत्री पौर्णिमेला सुरू होणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेला आलेला, कुणीही असो, या नाक्यावर तो कशाला ना कशाला हात लावतोच. एस.टी.च्या दारातला दांडा, रिक्षाची नळी, टपरीवरच्या पिंपाचा नळ, एटीएमची बटणे, औषधाच्या दुकानातली काच. जवळच कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे खाटेचे कठडे, सलाइनचे खांब आणि दारांच्या कड्या आहेत. करोनाच्या साथीनंतर अशा प्रत्येक वस्तूवर चढवायला बाजारात काही ना काही येऊन बसले. तांब्याची चिकटपट्टी, ‘सिल्व्हर नॅनो’ रंग, ‘अँटिबॅक्टेरियल’ नळ आणि त्या सगळ्यांवर छापलेला 99.9 टक्क्यांचा आकडा. हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. धातू जंतूंना मारतो, हे आता वादातीत आहे. तो किती वेळात मारतो, कोणत्या हवेत मारतो आणि कशाच्या आड आला की मारायचे थांबतो, हे त्या आकड्यात सांगितलेले नसते. या लेखाचे म्हणणे एवढेच, की धातूला वेळ लागतो, आणि म्हणून जिथे दोन हातांमध्ये त्याला तेवढा वेळ मिळतो तिथेच तो चढवण्यात शहाणपण आहे.

धातूचा हा गुण जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या उपयोगी पडत आला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या लढाऊ जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकले जात. 1817 साली इथून पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही त्यांतली एक आणि ती आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहे. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि तळाला चिकटणारे शंख-शेवाळ तांब्यावर टिकत नाहीत, एवढे खलाशांना पुरेसे होते. होड्यांच्या तळाला लावायच्या रंगात आजही तांब्याचे ऑक्साइड घालतात ते त्याचसाठी. बागायतदाराला हीच गोष्ट मोरचुदाच्या रूपाने ठाऊक आहे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण 1885 साली फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे आणले आणि ते नाशिकच्या द्राक्षापासून कोकणातल्या सुपारीपर्यंत सगळीकडे पोहोचले. बुरशीला मारणारा त्यातला खरा घटक तांबेच. स्वित्झर्लंडच्या कार्ल फॉन नेगेली यांनी पाण्यातल्या शेवाळावर प्रयोग करून दाखवले, की धातूचा अगदी नगण्य अंशही जिवंत पेशीला पुरेसा घातक ठरतो. त्यांचे हे काम त्यांच्या निधनानंतर 1893 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धातू मारतो हा शोध नवा नाही. तो कसा मारतो, हे मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच नीट उलगडले.

जिवाणू म्हणजे एका पातळ पडद्याने वेढलेली पेशी. पडद्याच्या आत आणि बाहेर विद्युतभाराचा फरक राखून ती जगते. हा फरक मोडला की तिचे ऊर्जेचे गणितच कोसळते. उघड्या तांब्यावर जिवाणू टेकला की पृष्ठभागावरून सुटणारे तांब्याचे आयन प्रथम या पडद्यालाच भिडतात आणि त्याला भोके पडतात. आतले क्षार बाहेर झिरपतात, बाहेरचे तांबे आत घुसते. आत गेलेले तांबे दोन कामे करते. एक म्हणजे ते प्रथिनांच्या गाभ्यातले लोह आणि गंधक यांचे जुळलेले गट फोडते. 2009 साली मॅकोम्बर आणि इमले या अमेरिकन संशोधकांनी दाखवले, की पेशीच्या आत तांब्याचा पहिला घाव या लोह-गंधक गटांवरच बसतो, त्यामुळे पेशीला लागणारी काही अमिनो आम्ले बनेनाशी होतात. दुसरे म्हणजे तांबे सतत एक इलेक्ट्रॉन देते आणि घेते. या देवघेवीत ऑक्सिजनची अतिशय आक्रमक रूपे तयार होतात आणि हाताला लागेल ते जाळत सुटतात. शेवटी डीएनएचेही तुकडे होतात. एकाच वेळी पडदा, प्रथिने आणि डीएनए यांच्यावर हल्ला होत असल्याने एखादा बदल करून सुटका करून घेणे जिवाणूला अवघड जाते. प्रतिजैविक बहुधा एकाच ठिकाणी नेम धरते. तांबे तसे करत नाही.

या सगळ्यात स्पर्श किती महत्त्वाचा, हे दाखवणारा एक प्रयोग फार सुंदर आहे. बर्न विद्यापीठातले मार्क सोलिओज आणि जर्मनीतले त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये तांब्याच्या पत्र्यावर प्लॅस्टिकसदृश पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म जाळी चढवली. जाळीची घरे अशी, की जिवाणू तिच्या कडांवर टेकतील पण खालच्या तांब्याला लागणार नाहीत. मध्ये फट राहिली ती जिवाणूच्या जाडीहूनही कमी. तांब्याचे आयन तर जाळीतून येतच होते. तरीही जिवाणू मरण्याचे प्रमाण एकदम घसरले. नंतर त्यांनी लोखंडाचा पत्रा घेतला. लोखंडावर जिवाणू आरामात जगतात. पण जिवाणूंच्या द्रवात तांब्याचे आयन मिसळताच तेच लोखंड मारू लागले. निष्कर्ष सरळ आहे: नुसते आयन पुरत नाहीत, नुसता धातूही पुरत नाही; आयन आणि धातूचा प्रत्यक्ष स्पर्श दोन्ही लागतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की तांब्यावर वार्निशचा, लॅकरचा, तेलाचा किंवा घामाचा थर बसला तर खाली कितीही शुद्ध तांबे असले तरी त्याचा उपयोग उरत नाही. दुकानात चकाकत राहावी म्हणून लॅकर मारलेली पितळी कडी ही जंतूंच्या दृष्टीने प्लॅस्टिकचीच कडी.

आता वेळेचा प्रश्न. साउदम्प्टन विद्यापीठातल्या बिल कीव्हिल यांच्या गटाने 2006 साली मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे रुग्णालयांना छळणारा एमआरएसए, वेगवेगळ्या धातूंवर खोलीच्या तापमानाला ठेवून पाहिला. जवळजवळ शुद्ध तांब्यावर तो जास्तीत जास्त दीड तासात पूर्ण संपला. तांब्याचे प्रमाण कमी असलेल्या पितळासारख्या मिश्रधातूंवर त्याला कित्येक तास लागले. स्टेनलेस स्टीलवर तो तीन दिवसांनंतरही जिवंत होता. 2008 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना आरोग्यविषयक दावा छापायची परवानगी दिली तीही ‘दोन तासांत 99.9 टक्क्यांहून अधिक’ अशीच. करोना विषाणूवरचा मार्च 2020 चा सुप्रसिद्ध अभ्यास घ्या: तांब्यावर चार तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही, प्लॅस्टिकवर तो तीन दिवसांपर्यंत मिळाला. जंतूंचा थेंब पातळ असेल आणि लगेच सुकला तर तांबे काही मिनिटांतही काम उरकते. पण मिनिटे म्हणा किंवा तास म्हणा, सेकंद नव्हेत. स्टीलला हे का जमत नाही, याचे उत्तर त्याच्या कौतुकातच आहे. स्टीलमधल्या क्रोमियमचा एक घट्ट ऑक्साइड थर त्याला गंजू देत नाही. जो धातू गंजत नाही तो आयनही सोडत नाही, आणि जो आयन सोडत नाही तो जंतूंचे काही वाकडे करू शकत नाही.

हे आकडे चारोटी नाक्यावर आणून बसवले की चित्र स्पष्ट होते. भरल्या रिक्षात चढणारा एक माणूस नळी धरतो, ती सोडतो आणि पुढच्या पाच-दहा सेकंदांत दुसरा तीच नळी धरतो. नळी तांब्याची असली तरी पहिल्या हाताने सोडलेले जंतू दुसऱ्या हाताला मिळेपर्यंत मरायला उसंतच नाही. रात्रभर रिक्षा उभी राहील तेव्हा नळी स्वच्छ होईल, साचलेला भार कमी होईल, हे खरे. पण गर्दीच्या वेळी एका हातातून दुसऱ्या हाताकडे होणारा प्रसार तांबे रोखू शकत नाही. आता रुग्णालयाच्या खाटेचा कठडा घ्या. त्याला परिचारिका हात लावते, रुग्ण लावतो, नातेवाईक लावतो, आणि मध्ये बरेचदा काही मिनिटांची, रात्री तर काही तासांची फट असते. इथे तांब्याला काम करायला वेळ आहे. आणि पाण्याचा हंडा घ्या. संध्याकाळी भरला, सकाळी प्यायला घेतला. मध्ये अख्खी रात्र. इथे वेळच वेळ आहे. हंडा, कठडा, नळी असा हा उतरता क्रम आहे आणि खर्चाचा क्रमही तोच असायला हवा. प्रत्यक्षात उत्साह दिसतो तो नेमका उलटा, कारण रस्त्यावरची दांडी सगळ्यांना दिसते आणि जाहिरातीला बरी पडते.

भारतीय रेल्वेने जुलै 2020 मध्ये कपूरथळ्याच्या कारखान्यातून ‘करोनोत्तर’ डबा बाहेर काढला, त्यात तांबे चढवलेले दांडे आणि कड्या होत्या, टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप होता, हवा शुद्ध करणारी यंत्रणा होती आणि पायाने चालवायचे नळ होते. चर्चा तांब्याची झाली. पण वरच्या हिशेबाने पाहिले तर यांत सगळ्यांत खात्रीचा उपाय पायाने चालवायचा नळ, कारण तिथे हाताचा स्पर्शच टळतो. शिवाय ज्या रोगासाठी हे सगळे केले तो प्रामुख्याने हवेतून पसरतो. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगून टाकले, की दूषित पृष्ठभागाला हात लागून करोनाची लागण होण्याची शक्यता साधारणतः दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. पश्चिम रेल्वेची लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत जाते. त्या गाडीतल्या हँडलांवर तांबे चढवायचे की खिडक्या उघड्या ठेवायच्या, असा प्रश्न विचारला तर श्वसनाच्या रोगांपुरते उत्तर खिडक्या हेच आहे. रुग्णालयातल्या जिवाणूंची गोष्ट वेगळी. असिनेटोबॅक्टर, एमआरएसए यांसारखे जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस तग धरतात आणि हातांवर बसून एका खाटेवरून दुसरीकडे जातात. म्हणून पृष्ठभागाचा विचार करायचा तो तिथे.

बाजारात तांब्याहून अधिक बोलबाला चांदीचा आहे, आणि फसगतीची जागाही तिथेच आहे. चांदीचे आयन प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटून त्यांचे काम बंद पाडतात. पाण्यात विरघळलेली चांदी उत्तम मारते यात शंका नाही. पण धातूतून आयन सुटायला चांदीला ओलावा लागतो. ‘अँटिबॅक्टेरियल’ म्हणून वस्तूला प्रमाणपत्र देताना जी जपानी चाचणी सर्रास वापरतात, तिच्यात जिवाणूंचा द्रव वस्तूवर ठेवून वर पातळ फिल्म झाकतात आणि 35 अंश सेल्सियसला, 90 टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत 24 तास ठेवतात. कीव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हीच चाचणी नेहमीच्या खोलीसारख्या कोरड्या हवेत करून पाहिली. दमट पेटीत चांदीयुक्त नमुन्याने जवळपास सगळे जिवाणू मारले होते. कोरड्या हवेत त्याचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. तांब्याने मात्र दोन्हीकडे काम केले. डहाणूच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा चिंब असते, तेव्हा चांदीला थोडा हात मिळेलही. पण वातानुकूलित अतिदक्षता विभागात किंवा डिसेंबरच्या कोरड्या दुपारी त्याच लेपावर छापलेला 99.9 टक्के हा आकडा त्या खोलीला लागू होत नाही. खरेदी करणाऱ्याने म्हणूनच ‘किती टक्के’ याआधी ‘कोणत्या हवेत आणि किती वेळात’ हे विचारावे.

लेप चढवण्याच्या पद्धतीनेही फार फरक पडतो. विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा काही मायक्रॉनचा असतो. सतत हात लागणाऱ्या जागी तो झिजतो आणि खालचे स्टील उघडे पडते. वितळलेल्या धातूचा फवारा मारून चढवलेला थर जाड असतो, पण उडताना धातूचे कण हवेत जळून ऑक्साइड होतात आणि थर सच्छिद्र राहतो. ‘कोल्ड स्प्रे’ या पद्धतीत कण न वितळवता प्रचंड वेगाने आदळवतात. तसे चढवलेले तांबे बाकी फवाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने एमआरएसए मारते, असे अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. म्हणजे धातू तोच, पण चढवायची तऱ्हा बदलली की मारायची ताकद बदलते. रंगात मिसळलेल्या धातूच्या कणांचे दुखणे आणखी वेगळे. जे कण रंगाच्या गोंदात बुडून गेले ते जिवाणूला दिसतच नाहीत. वर डोकावणारे मूठभर कण काय करतील तेवढेच. टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप तर मुळात प्रकाशावर चालतो, तोही अतिनील किरण पडले तर. अंधाऱ्या कोपऱ्यात तो नुसताच पांढरा रंग.

धातूवर धातू चढवण्याची आपल्या घरोघरची पद्धत म्हणजे कल्हई, आणि तिचा हेतू याच्या नेमका उलट आहे. कल्हईवाला पितळेचे पातेले घासून भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुराने पृष्ठभाग साफ होताच तो कथलाची कांडी टेकवतो आणि वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवून सगळीकडे पसरवतो. क्षणात पिवळे पातेले आतून रुपेरी होते. हा थर तांबे अन्नात उतरू नये म्हणून असतो. कारण कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा सोलकढी ठेवली तर ती कळकते आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. पण जो थर तांब्याला आमटीपासून अडवतो तोच त्याला जंतूंपासूनही अडवतो. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळे विज्ञान ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांना यातच उत्तर आहे. त्यांना जंतू ठाऊक नव्हते, पण अनुभवाची वर्गवारी पक्की होती: शिजवायच्या भांड्याला कल्हई, पाण्याचा हंडा आणि बंब मात्र आतून उघडा. ही वर्गवारी आज तपासली तर ती टिकते. तिला विज्ञान म्हणण्याची गरज नाही आणि अंधश्रद्धा म्हणून झटकण्याचीही नाही.

हंड्याची तपासणी झालेलीही आहे. बंगळुरूच्या एका संस्थेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्यात मुद्दाम पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जिवाणू मिसळून ते तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवले. नंतर त्यातला एकही जिवाणू पुन्हा वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरमागे सुमारे 0.18 मिलिग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 मिलिग्रॅमची आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ही माहिती शहरातल्या कोणत्याही चकाकत्या कडीपेक्षा मोलाची आहे, कारण इथल्या पावसाळ्यातले आजार कडीवरून नव्हे, पाण्यावरून येतात. मात्र या अभ्यासालाही कुंपण आहे. त्यातले पाणी मुळात गढूळ नव्हते. नदी-ओढ्याच्या गढूळ पाण्यातली माती आणि सेंद्रिय घाण तांब्याचे आयन आधीच गिळून टाकते. हंडा आतून घासलेला हवा, पाण्यात लिंबू वगैरे आंबट काही नको आणि गाळून भरलेले पाणी रात्रभर तरी राहायला हवे. ज्याला हंडा परवडत नाही त्याने पाणी उकळावे किंवा क्लोरीनचे थेंब टाकावेत. दोन्ही उपाय तांब्याहून जलद आणि स्वस्त आहेत.

चांदीचाही एक प्रामाणिक वापर आपल्याच राज्यात घडला, आणि तो ओलाव्याच्या अटीत नेमका बसतो. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ नावाचा स्वस्त गाळक तयार झाला होता. त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण चढवून डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. तेव्हाची किंमत हजार रुपयांच्या आत, वीज लागत नाही, नळाचे पाणी लागत नाही, आणि सुमारे तीन हजार लिटरनंतर गाळक आपोआप बंद पडण्याची सोय. सच्छिद्र राखेतून पाणी थेंबाथेंबाने झिरपत जाते, म्हणून चांदीला ओलावाही मिळतो आणि वेळही. तूस हा डहाणू-पालघरच्या भातपट्ट्यातला सगळ्यांत मुबलक टाकाऊ माल आहे, हे लक्षात घेतले तर कोरड्या भिंतीवर चांदीचा रंग मारण्यापेक्षा चांदी कुठे कामाला लावावी याचे उत्तर इथेच मिळते.

रुग्णालयांच्या बाबतीत पुरावा आशादायक आहे, पण डोळे झाकून घेण्यासारखा नाही. 1983 साली पेन्सिल्व्हेनियातल्या फिलिस कुह्न या संशोधिकेने आपल्या रुग्णालयातल्या दारांच्या मुठी तपासल्या आणि चकचकीत स्टीलपेक्षा काळवंडलेल्या पितळेवर जंतू कितीतरी कमी आढळले. अमेरिकेतल्या तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत 614 रुग्णांवर झालेली चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या खोल्यांत खाटेचे कठडे, रुग्णाचे टेबल, सलाइनचा खांब, खुर्चीचे हात अशा मोजक्या सहा वस्तू तांब्याच्या केल्या. साध्या खोल्यांत रुग्णालयातच जडलेल्या संसर्गाचे प्रमाण 8.1 टक्के होते, तांब्याच्या खोल्यांत ते 3.4 टक्के झाले. आक्षेप असा, की खोलीत तांबे आहे हे डॉक्टर-परिचारिकांना उघडच दिसत होते, त्यामुळे त्यांची वागणूकही बदललेली असू शकते. आणि अशा सगळ्या चाचण्या एकत्र घेतल्या तर फायदा दिसतो, पण तो लहान होतो आणि पुराव्याचा दर्जा कच्चा ठरतो. आक्षेप रास्त आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र ‘तांबे नको’ असा नाही. ‘सहाच वस्तू निवडा आणि मोजत राहा’ असा आहे. त्या चाचणीचेच वैशिष्ट्य हे, की भिंती, छत, फरशी असे काहीही झाकायला ती गेली नाही.

यावर अधिक व्यवहारी आक्षेप येतो: स्टील पुसता येते, मग तांब्याचे लाड कशाला? पुसता येते हे खरे, पण दिवसातून किती वेळा? पुसलेला कठडा काही तासांतच पुन्हा पूर्वीइतका माखतो. तांब्याचा उपयोग दोन पुसण्यांच्या मधल्या काळात आहे. पुसणे थांबवण्यासाठी नाही. उलट पुसणे थांबले तर घाम आणि मलमाचा थर साचून तांब्याचेच काम बंद होईल. पुसायचे कशाने, हेही पाहावे लागते. आपल्या रुग्णालयांत सर्रास वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट तांब्याला खाते आणि काळे करते. तिथे दुसरे जंतुनाशक ठरवून घ्यावे लागेल. काळवंडण्याची भीती मात्र बाळगू नये. तांब्यावर प्रथम चढणारा लालसर ऑक्साइड जवळजवळ शुद्ध तांब्याइतकाच मारतो, नंतरचा काळा ऑक्साइड त्याहून कमी. चकचकीतपणा ही देवघराची गरज आहे, कठड्याची नाही.

जंतू धातूलाही सरावतील, हा आक्षेप सगळ्यांत गंभीर. चांदीच्या बाबतीत तो खरा ठरला आहे. भाजलेल्या रुग्णांना सिल्व्हर नायट्रेट लावणाऱ्या बोस्टनच्या एका रुग्णालयात 1975 मध्ये चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला, आणि पुढे त्याची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वळ्यावर असल्याचे उघड झाले. तांब्याला तोंड देणारी जनुकेही जिवाणूंकडे पूर्वापार आहेत. ती आत आलेले तांबे बाहेर फेकतात. पण उघड्या तांब्यावर अशा जिवाणूंना थोडा अधिक वेळ मिळतो एवढेच, सुटका होत नाही. शिवाय कीव्हिल यांच्याच गटाने 2012 मध्ये दाखवले, की प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके स्टीलच्या पृष्ठभागावर एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, तांब्यावर मात्र ती देवघेव थांबते, कारण देणारा-घेणारा दोघेही मरतात आणि डीएनएचेही तुकडे होतात. धोका आहे तो अर्धवट मात्रेचा: कपडे, कंगवे, रंग, खेळणी यांत थोडी थोडी चांदी घालून ती सांडपाण्यात सोडत राहणे म्हणजे जंतूंना तालीम देणे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. मासे आणि शेवाळ यांना तांबे-चांदी माणसाहून कितीतरी अधिक बाधते. मोजक्या जागी बसवलेले भरीव तांबे धुपत नाही. घरोघर मारलेला नॅनो रंग धुपतो.

राहिला खर्च आणि चोरी. पितळी नळ रातोरात भंगारात जाणे ही आपल्याकडे जुनी डोकेदुखी आहे, आणि उघड्यावर तांब्याचा दांडा लावणे म्हणजे चोराला आमंत्रण. वॉर्डाच्या आत, खाटेलाच जोडलेल्या स्टीलच्या कठड्यावर जाड लेप चढवला तर भंगारवाल्याला त्याची किंमत नाही. खर्चाचा हिशेबही असाच मांडता येतो: एका वॉर्डाच्या भिंतींना ‘अँटिबॅक्टेरियल’ रंग देण्याऐवजी त्याच पैशात निवडक खाटांचे कठडे आणि टेबले करता येतील, आणि जिथे पाण्याची सोय अपुरी आहे तिथे आधी हात धुण्याची बेसिने आणि साबण. हा क्रम चुकला तर उरलेले सगळे दिखाऊ.

दिवाळीत अनेक मंडळे, ट्रस्ट आणि कंपन्यांचे सामाजिक निधी ग्रामीण रुग्णालयांना वस्तू देतात. त्यांना एवढीच विनंती. कोणी जंतुनाशक लेप विकायला आला तर तीन गोष्टी लेखी मागा: धातू उघडा आहे की गोंदात किंवा लॅकरखाली, चाचणी किती तापमानाला, किती आर्द्रतेत आणि किती वेळ केली, आणि रोज कोणत्या द्रवाने पुसले तर लेप किती वर्षे टिकेल. उत्तरे मिळाली तर अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिकक्ष इथून सुरुवात करा, आधी आणि नंतरच्या संसर्गाची नोंद ठेवायला सांगा. उत्तरे मिळाली नाहीत तर ते पैसे साबण, पाणी आणि एक जादा सफाई कर्मचारी यांवर खर्च करा. त्यांचा परिणाम सिद्ध करायला कुठल्याही नव्या चाचणीची गरज नाही.